सबाह (बोर्निओ): सॅक पाठीवर टाकून जंगल आणि सिपादान. आधी बुडायचं की आधी भटकायचं?

रानभूल

सबाहबद्दल इथे सुटेसुटे प्रश्न बरेच येतात, म्हणून एकाच जागी धागा. सबाह म्हणजे बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाचं मलेशियाचं राज्य. ओरांगउटान, प्रोबॉसिस माकड, ठेंगणे हत्ती, आठ जातींचे धनेश आणि त्याच किनाऱ्यालगत सिपादान हे डाइव्हिंगचं बेट. सगळं चारपाच तासांच्या बसच्या टप्प्यात. दोन आठवडे हातात असतील तर दोन्ही गोष्टी नीट होतात. फक्त बहुतेक लोक क्रम चुकवतात आणि मग एक-दोन दिवस हॉटेलात पंख्याकडे बघत घालवतात.

प्लॅन दोन खुंट्यांना बांधायचा. तिकिटं त्यानंतर.

पहिली खुंटी सिपादानचा परवाना. बेटावर दिवसाला ठरावीक संख्येनेच डायव्हर सोडतात आणि परवाने ऑपरेटरमार्फतच मिळतात. जुलै-ऑगस्टसाठी चारपाच महिने आधी तारीख पक्की करावी. बहुतेक ऑपरेटर एका सिपादान दिवसाला मबुल, कपलाई अशा बाजूच्या बेटांचे दोनतीन दिवस जोडून विकतात. तेही वाईट नाही, पुढे कोणीतरी लिहीलच. वर्षातला एक महिना बेट विश्रांतीसाठी बंद ठेवतात, त्या तारखा बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

दुसरी खुंटी दानुम व्हॅली. ४३८ चौरस किलोमीटरचं, कधीच कुऱ्हाड न लागलेलं सखल जंगल. २०१९ साली जाहीर झालेलं १००.८ मीटर उंचीचं पिवळ्या मेरांतीचं झाड इथलंच. आत राहायला दोनच जागा: एक महागडं लॉज आणि एक फील्ड सेंटर. सॅकवाल्यांसाठी फील्ड सेंटर. त्यांची गाडी लहाद दातू गावातून सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी जाते आणि त्याच वारी परत येते. म्हणजे मुक्काम दोन रात्रींचा (सोम-बुध, बुध-शुक्र) किंवा तीन रात्रींचा (शुक्र-सोम). चार रात्री हव्या असतील तर सोम-शुक्र. वार जुळला नाही तर खासगी गाडी करावी लागते आणि तिथे बजेट कोलमडतं.

आता क्रम. माझं मत: डाइव्हिंग आधी, जंगल नंतर. क्वालालंपूरहून विमानाने थेट तावाऊ, तिथून सिपादानच्या बोटी सुटतात ते सेम्पोर्ना गाव साधारण ८० किमी. चार दिवस पाणी. मग रस्त्याने लहाद दातू, दानुम, किनाबातांगान नदी, सेपिलोक आणि संदाकानहून परत क्वालालंपूर. कारण सरळ आहे. डाइव्हनंतर विमानाला थांबावं लागतं, आणि हा सगळा रस्ता समुद्रसपाटीच्या आसपास आहे. म्हणजे थांबण्याचे दिवस जंगलातच सरतात.

हिशेबनीस

उलटं का नको? बहुतेक ब्लॉगवर जंगल आधी आणि शेवटी समुद्रावर आराम असंच दिसतं. आणि कोटा किनाबालूहून सुरुवात केली तर किनाबालू शिखरही होतं. आम्ही दोघं, ऑगस्ट, १४ दिवस.

खारवी

उलटं चालतं, पण त्याची किंमत काय ते बघा.

डाइव्हिंगमध्ये दाबाखाली रक्तात आणि पेशींत नायट्रोजन मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू निघतो. तो निघायच्या आत बाहेरचा दाब आणखी कमी झाला, म्हणजे तुम्ही उंचावर गेलात, की बुडबुडे धरायची शक्यता. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण २४०० मीटर उंचीवर असतो तितका खाली जाऊ शकतो. म्हणून नियम: एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास, सलग काही दिवस किंवा दिवसाला एकाहून जास्त डाइव्ह असतील तर किमान १८ तास. २४ धरा आणि विषय मिटवा. सेम्पोर्नात शेवटची डाइव्ह दुपारी तीनला संपली की दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान बाद. एक दिवस गेला.

आता लोकांच्या लक्षात न येणारा भाग. हा नियम विमानापुरता नाही, ६०० मीटरच्या वरच्या कुठल्याही उंचीला लागू आहे. सेम्पोर्नाहून कोटा किनाबालूला रात्रीची बस असते. स्वस्त, शिवाय एका रात्रीचं हॉटेल वाचतं, म्हणून सॅकवाले डोळे मिटून तीच घेतात. ती बस रानाउ-कुंदासांगवरून, किनाबालू पार्कच्या दारावरून जाते. तिथे रस्ता दीड हजार मीटरच्या वर आहे. "विमान नाही, बस आहे" म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर चार तासांत त्या बसमध्ये बसणं म्हणजे विमानात बसण्यासारखंच. दुसऱ्या रस्त्याने गेलात तरी कोटा किनाबालू क्रॉकर डोंगररांगेच्या पलीकडे आहे, डोंगर चढावाच लागतो.

घरचं उदाहरण हवं तर: मालवणला सकाळी दोन डाइव्ह करून दुपारी आंबोली घाटाने वर निघणारे कितीतरी असतात. आंबोली ६९० मीटर. तिथेही हाच हिशेब लागतो, फक्त मालवणात तो फारसा कोणी सांगत नाही.

किनाबालू ४०९५ मीटर. चढायचाच असेल तर डाइव्हच्या आधी, नंतर नाहीच. आणि १४ दिवसांत शिखर, दानुम, नदी आणि सिपादान हे चारही कोंबू नका. शिखराला परवाना, गाइड, वरच्या मुक्कामाचं आरक्षण, आधीचा एक दिवस आणि पाय दुखण्याचा नंतरचा एक दिवस लागतो.

रानभूल

बुकिट दानुमलाही हेच लागू, ते शिखर हजार मीटरच्या आसपास आहे. डाइव्हनंतर दुसऱ्याच दिवशी चढू नका. खालच्या पायवाटांना काही नाही.

सागरगोटा

जंगल आधीच्या बाजूने एक मुद्दा मांडतो. मुंबईहून रात्रीचं विमान, क्वालालंपूरला बदल, तावाऊ, मग टॅक्सी. माणूस पोचतो तेव्हा सुकलेला आणि अर्धवट झोपेत असतो. लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बोट पकडून करंटमध्ये, म्हणजे समुद्राच्या जोरदार प्रवाहात, उतरायचं? सुकलेल्या शरीरात डीकंप्रेशनचा, म्हणजे त्याच बुडबुड्यांचा, धोका वाढतो असं मानतात. शिवाय एसी विमानातून आलेली सर्दी नाकात. कानातला दाब सुटत नाही, खाली जाता येत नाही आणि सिपादानचा परवाना वाया.

खारवी

मुद्दा रास्त. उपाय क्रम उलटा करणं नव्हे, सिपादान पहिल्या दिवशी न ठेवणं. पोचल्याचा दिवस मोकळा. दुसरा दिवस मबुलच्या उथळ पाण्यात. सिपादान तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी. ऑपरेटर चेक डाइव्ह, म्हणजे तुमचं कसब बघायची सोपी डाइव्ह, घेतातच, ती आधी होऊन जाते आणि बुडण्यासाठी लावायच्या शिशाच्या वजनाचा घोळही तिथेच मिटतो.

आणि सर्दीचा धोका जंगल आधी केलं तर जास्त. पाच दिवस ओल्या कपड्यांत, पावसात, एसी व्हॅनमध्ये. नाक चोंदलं असताना गोळी खाऊन उतरू नका. गोळीचा असर पाण्याखालीच संपला तर वर येताना कानात-सायनसमध्ये हवा अडकते आणि ते खाली जाताना कान न सुटण्यापेक्षा वाईट. खाली जाताना निदान परत फिरता येतं. वर तर यावंच लागतं.

नवखी_पाणबुडी

सर्टिफिकेट नसेल तर तिथे जाऊन करता येईल का? मालवणला स्कूबा केलंय, त्याचा फोटो आणि कागद आहे.

खारवी

मालवणला पर्यटक करतात ती हात धरून नेलेली ओळख-डाइव्ह. त्या कागदाचा इथे उपयोग नाही. लागतो ओपन वॉटरचा कोर्स: थिअरी, पूलमधले किंवा उथळ पाण्यातले सराव आणि चार समुद्री डाइव्ह. तीनचार दिवस, मर्यादा १८ मीटर. सिपादानसाठी मात्र ऑपरेटर अ‍ॅडव्हान्स्डच मागतात. म्हणजे आणखी पाच डाइव्ह, त्यात एक खोल आणि एक दिशाशोधनाची सक्तीची. मर्यादा ३० मीटर.

सेम्पोर्ना-मबुलला दोन्ही कोर्स होतात. पण सुट्टीतले पाचसहा दिवस गुडघ्यावर बसून मास्कमधलं पाणी काढण्यात जातील. ओपन वॉटर भारतातच उरकून जा. तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, मुरुडेश्वरजवळ नेत्राणी आहे, पुद्दुचेरी आहे, अंदमानात स्वराज द्वीप आहे. कोकणात पाणी ऑक्टोबर ते मे, त्यातही डिसेंबर-जानेवारीत बरं. ऑगस्टात जाणार असाल तर एप्रिलपर्यंत कोर्स हातावेगळा करा. अ‍ॅडव्हान्स्ड मबुलला केलात तरी चालेल, त्या पाच डाइव्ह तशाही चांगल्या जागीच होतात.

आणखी एक. कोर्सच्या आधी आरोग्याचा फॉर्म भरायचा असतो. दमा, फिट येणं, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन यांपैकी कशालाही "हो" आलं तर डॉक्टरची सही लागते. ती भारतातून आणा. सेम्पोर्नात ऐनवेळी डॉक्टर शोधत बसण्यापेक्षा बरं. खोटं "नाही" लिहू नका, विमा त्याच कागदावर हात वर करतो.

हिशेबनीस

समजा दोघांकडे अ‍ॅडव्हान्स्ड आहे, पण जेमतेम १५-१६ डाइव्ह. सिपादान झेपेल? करंटबद्दल वाचून पोटात गोळा येतो.

खारवी

सिपादान हा समुद्रतळापासून साधारण ६०० मीटर वर आलेला खांब आहे, मलेशियातलं एकमेव महासागरी बेट. वाळूवरून वीसएक पावलं चाललं की 'ड्रॉप ऑफ'ची भिंत सुरू होते आणि ती खाली दिसेनाशी होते. तळ नाही ही गोष्ट डोक्यात ठेवून उतरायचं. नेहमीच्या रीफवर तोल चुकला तर वाळूवर टेकता, इथे टेकायला काही नाही. आजूबाजूला सगळं निळं, त्यामुळे खाली सरकतोय हे कळतही नाही. दर मिनिटाला मनगटावरच्या, खोली दाखवणाऱ्या डाइव्ह काँप्युटरकडे एक नजर, ही सवय आधीच लावा.

'बॅराकुडा पॉइंट'वर साधारण वीस मीटरवर भिंतीच्या खांद्यावर थांबतात. तिथे करंट फाटतो आणि चेव्हरॉन बॅराकुडांचा भोवरा उभा राहतो. पोहत पाठलाग करू नका. तुम्ही हललात की भोवरा सरकतो, गप्प राहिलात तर डोक्यावर येतो. बंपहेड पॅरटफिशचा कळप हवा असेल तर दिवसाची पहिली बोट. सकाळी ते एकत्र फिरतात आणि पोवळं फोडल्याचा कटकट आवाज आधी ऐकू येतो, मासे नंतर दिसतात. 'टर्टल कॅव्हर्न'च्या तोंडापर्यंतच जायचं. आत कासवांचे सांगाडे आहेत: वाट चुकून, वर येता न आल्याने बुडालेली कासवं. गुहेच्या प्रशिक्षणाशिवाय आत जाणाऱ्याचं तेच होईल.

खाली खेचणारा करंट लागला तर काय? लक्षण: तुमचे बुडबुडे वर जायच्याऐवजी आजूबाजूला घोटाळतात किंवा खाली जातात. करंटच्या विरुद्ध सरळ वर पोहू नका, दमाल. भिंतीला समांतर किंवा भिंतीपासून बाहेर तिरकं पोहा, बीसीडीत (हवा भरायच्या जॅकेटात) थोडी हवा भरा. सुटलात की ती हवा लगेच सोडा, नाहीतर बुचासारखे वर उडाल.

आता हवेचा हिशेब, तुमचं नावच हिशेबनीस आहे म्हणून. नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे ११ लिटरचा, २०० बार दाबाने भरलेला. ५० बार राखीव धरले की हातात १५० × ११ म्हणजे साडेसोळाशे लिटर. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर ओढतो. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे ६० लिटर. २७ मिनिटं. तोच माणूस मबुलला १० मीटरवर ४० लिटर ओढतो, ४१ मिनिटं. सरावाने पृष्ठभागावरचा आकडा १५ वर आला तर सिपादानला ३५-३६ मिनिटं मिळतात. म्हणून मबुलचे दिवस आधी हवेत. एकाची हवा संपली की जोडीदारालाही वर यावं लागतं, तेव्हा दोघांत जो जास्त ओढतो त्याने आधी श्वास सावकाश करायला शिकावं. हात हलवत पोहणं बंद केलं तरी बराच फरक पडतो.

१५० बार हवा म्हणजे दोन किलो वजन, हेही लक्षात घ्या. डाइव्हच्या शेवटी अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर तेवढा हलका होऊन तरंगू लागतो. सुरुवातीला "बरोब्बर" वाटणारं शिशाचं वजन वर येताना पाच मीटरवर थांबायच्या सेफ्टी स्टॉपला कमी पडतं आणि तीन मिनिटं थांबताच येत नाही. वजन तपासायचं ते ५० बारवर, भरलेल्या सिलिंडरवर नाही.

नवखी_पाणबुडी

ट्रिगरफिश चावतो म्हणे?

खारवी

टायटन ट्रिगरफिश, घरटं राखताना. त्याचा इलाका घरट्यापासून वर उलट्या शंकूसारखा पसरत जातो. म्हणून घाबरून वर पळालात तर त्याच्याच हद्दीत राहता. आडवं, रीफला धरून दूर जायचं. पायातले फिन त्याच्या बाजूला ठेवा, चावला तर प्लास्टिकला चावेल.

लेन्सकरी

मबुलबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून. सिपादानच्या नादात त्याला जोडधंदा समजू नका. वाळू, तुटक्या काठ्या, जेटीचे खांब आणि त्यातले बारके जीव: फ्रॉगफिश, फ्लॅम्बॉयंट कटलफिश, संध्याकाळी मँडरिनफिश. खोली १०-१५ मीटर, करंट कमी. अडचण एकच, गाळ. वरखाली पाय मारले की ढग उठतो आणि मागच्या पाचजणांची डाइव्ह संपते. बेडकासारखे पाय मारायचे, पोट वाळूपासून हातभर वर. कशालाही हात लावू नका. स्टोनफिश दगडासारखा दिसतो म्हणूनच त्याला ते नाव आहे.

रात्री बोटीने लांब नेणार नाहीत, त्या किनाऱ्यावर सुरक्षेसाठी समुद्रात रात्रीची संचारबंदी असते. २००० साली सिपादानवरून ओलीस पळवून नेल्यापासून तिथला बंदोबस्त कडक आहे, बेटावर सशस्त्र पहारा दिसेल. बेटावरचा मुक्कामही २००४ अखेर बंद झाला, तो मात्र पर्यावरणासाठी. मबुलच्या जेटीखालची नाइट डाइव्ह तेवढी मिळते.

बोटीजवळ बजाऊ मुलं होडक्यातून येतात. ती प्रदर्शनातली नव्हेत. न विचारता कॅमेरा रोखू नका.

रानभूल

पाण्यातून बाहेर या आता. जंगलाचा भाग.

किनाबातांगान ५६० किमी लांब, सबाहची सगळ्यात मोठी नदी. दोन्ही काठांना जंगलाची चिंचोळी पट्टी आणि तिच्यामागे मैलोन्‌मैल पाम तेलाची लागवड. इतके प्राणी इतक्या सहज दिसतात त्याचं खरं कारण हे आहे: त्यांना मागे हटायला जागाच उरलेली नाही. दिसणं सोपं आहे म्हणून जंगल धडधाकट आहे असं समजू नका. दानुमला याच्या उलट. जंगल अफाट, आणि प्राणी दिसायला घाम गाळावा लागतो.

बोटीच्या फेऱ्या सकाळी सहाला आणि दुपारी चारला का? प्रोबॉसिस माकडं रात्र नदीकाठच्या झाडांवर काढतात. संध्याकाळी काठावर येतात, सकाळी पानं खायला आत जातात. मधल्या वेळेत बोट फिरवणं म्हणजे डिझेल जाळणं. सुकाउजवळची मेनांगुल ही उपनदी त्यांच्यासाठी उत्तम, पण ऑगस्टात तिथे बोटींची रांग लागते. बोटवाल्याला आदल्या रात्रीच सांगा, "पावणेसहाला निघू". पहिली बोट आणि तिसरी बोट यांत फार फरक असतो.

काठावर फळांनी लदलेला उंबर-वडाच्या कुळातला वृक्ष दिसला की इंजिन बंद करून बसून राहा. धनेशही तिथेच आणि ओरांगउटानही तिथेच. हत्तींची खात्री कोणी देत असेल तर तो थाप मारतोय. कळप काठाने वरखाली फिरत असतो. बुकिंग करण्याआधी दोनतीन मुक्कामांना मेसेज करून "या आठवड्यात हत्ती कुठे आहेत" एवढं विचारा. सुकाउ, बिलित, बातू पुतेह, अबाई यांपैकी कुठे राहायचं ते त्यावर ठरवा. दोन रात्री म्हणजे चार फेऱ्या, त्याहून कमी नको.

नदीत हात घालू नका, मगरी आहेत. पोहणं तर नाहीच: २००० साली सबाहच्या सेगामा नदीत साहस स्पर्धकांना लेप्टोस्पायरोसिसची मोठी लागण झाली होती, तो लेप्टो आपल्या कोकणातलाच. पायाला जखम असेल तर चिखलातही बूट सोडू नका.

सेपिलोक: ओरांगउटान पुनर्वसन केंद्र १९६४ पासूनचं. खाणं सकाळी १० आणि दुपारी ३ ला. फलाटावर एकही ओरांगउटान आलं नाही तर तिकिटाचे पैसे गेले म्हणून चिडू नका. रानात फळं आहेत आणि ती पोरं स्वतःचं स्वतः शोधतायत, केंद्राचं काम तेच. शेजारीच अस्वलांचं केंद्र आहे. त्याहून कमी लोक जातात ते रेनफॉरेस्ट डिस्कव्हरी सेंटरला, आणि पक्ष्यांसाठी सगळ्यात भारी तेच. झाडांच्या शेंड्यांतून जाणारा पूल, उजाडताना धनेश, आणि दिवस मावळताना मनोऱ्यावरून तांबडी उडती खार एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाते.

संदाकानकडच्या पत्त्यांत 'बातू १४', 'बातू ३२' असं येतं. बातू म्हणजे दगड, आपला मैलाचा दगडच. सेपिलोकचा फाटा बातू १४ ला. लांबपल्ल्याच्या बसवाल्याला सांगितलं तर तिथेच उतरवतो, शहरात जाऊन परत यायला नको. तिथून अडीच किलोमीटर.

सागरगोटा

जळवा?

रानभूल

दानुमला भरपूर. दोन प्रकार. तपकिरी जळू जमिनीवरून बुटात चढते, चावलेलं कळत नाही. पट्ट्यांची 'टायगर' जळू गुडघ्या-कमरेच्या उंचीला पानाच्या टोकावर उभी असते, ती चावली की चुरचुरतं. त्यामुळे फक्त पाय झाकून भागत नाही, शर्ट पँटमध्ये खोचा.

लीच सॉक्स घट्ट विणीच्या सुती कापडाचे, गुडघ्याखाली नाडी बांधायचे. साध्या लोकरी मोज्याच्या विणीतून जळू सहज आत जाते. बुटांसाठी महागडे ट्रेकिंग शूज नेऊ नका, दुसऱ्या दिवशी ओले होतात ते परत येईपर्यंत वाळत नाहीत. लहाद दातू किंवा संदाकानच्या दुकानात काळे रबरी, तळाला गुट्ट्या असलेले बूट मिळतात, सगळे गाइड तेच घालतात. गमतीने त्यांना 'आदिदास कंपुंग' म्हणतात, म्हणजे खेडवळ आदिदास. अगदी स्वस्त. धुतले, उलटे टांगले, झालं. मोठ्या मापाची बोंब असते, पाय मोठा असेल तर घरून पर्याय न्या.

चिकटलेली जळू काढताना मीठ, तंबाखू, काडी काही नको. ती बिथरून पोटातलं जखमेत ओकते. बारीक टोकाकडून कातडीला समांतर नख सरकवा, ते सुटलं की जाड टोक. आणि टिचकीने उडवताना पुढच्या माणसाकडे नको.

लेन्सकरी

दुर्बीण ८×४२. बोटीत १०× हलते आणि जंगलात प्रकाश कमी पडतो. कॅमेरा रात्री एसी खोलीत ठेवला तर सकाळी बाहेर काढताच भिंगावर धुकं चढतं, आणि नेमकी धनेशाची वेळ तीच असते. पिशवीसकट अर्धा तास आधी व्हरांड्यात ठेवा. झिपलॉकमध्ये सिलिका जेल. दोन आठवड्यांच्या दमटपणात भिंगाला बुरशी धरू शकते.

पोटोबा

शाकाहारींसाठी. 'सायूर' म्हणजे भाजी, पण ती बेलाचानमध्ये, म्हणजे सुकवलेल्या जवळ्याच्या गोळ्यात परतलेली असू शकते. सांबलमध्ये तोच, वर इकान बिलिस, म्हणजे सुके बारके मासे. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. हे वाक्य पाठ करा: "साया तिदाक माकान दागिंग, इकान, उदांग, बेलाचान." मांस, मासे, कोळंबी, बेलाचान खात नाही. शहरांत मामक (तमिळ मुसलमानांच्या) टपऱ्यांवर रोटी चनाई मिळते, पण सोबतची आमटी माशाची किंवा चिकनची नाही ना ते विचारा. सेम्पोर्ना आणि सुकाउत पर्याय कमी. मेतकूट, सुकी चटणी आणि दशम्या जिंदाबाद. दानुमला आधी कळवलं तर वेगळं करून देतात.

हिशेबनीस

धन्यवाद सगळ्यांना. कागदपत्रं आणि औषधं कोणी लिहील का? मलेरियाची गोळी घ्यायची की नाही?

सागरगोटा

कागद: भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस व्हिसा लागत नाही, ही सवलत सध्या २०२६ अखेरपर्यंत आहे. डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं. सबाहचं इमिग्रेशन वेगळं आहे. क्वालालंपूरहून देशांतर्गत विमानाने गेलात तरी तावाऊला पासपोर्टवर पुन्हा शिक्का. तो कागदांच्या तळाशी कोंबू नका. सिपादानच्या परवान्यासाठीही पासपोर्टचा फोटो आधी पाठवावा लागतो. सुकाउत एटीएम नाही, रिंगिट संदाकान किंवा लहाद दातूतच काढा. प्लगला तीन चपट्या पिना, आपला बसत नाही.

मलेरिया: सबाहमध्ये माकडांपासून माणसात येणारा नोलेसी मलेरिया आहे, तो झपाट्याने वाढतो. गोळी डॉक्टरला विचारूनच, पण "डाइव्हिंग करणार आहे" हे आवर्जून सांगा. मेफ्लोक्विनने चक्कर, गरगर होऊ शकते. डीकंप्रेशनची लक्षणंही तशीच असतात, कोणतं कशाने ते कळणार नाही. डॉक्सिसायक्लिन दिली तर उन्हात कातडी भाजते, बोटीवर पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड घाला. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरला बोर्निओचं नाव सांगा.

विमा काढताना दोन ओळी शोधा: ३० मीटरपर्यंत स्कूबा आणि रीकंप्रेशन चेंबरचा, म्हणजे डीकंप्रेशनवर उपचार करायच्या दाबाच्या खोलीचा, खर्च. "साहसी खेळ समाविष्ट" एवढ्यावर भरवसा नको.

नवखी_पाणबुडी

स्वतःचं कोणतं गिअर न्यावं? चश्मा आहे, उणे ३.५.

खारवी

सगळ्यात आधी मास्क, नंबरच्या काचांचा. उणे नंबरच्या तयार काचा अर्ध्या-अर्ध्या पायरीने मिळतात, तुमचा सहज मिळेल. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोनतीनदा घासा, नाहीतर कितीही थुंकलं तरी धुकं धरेल. नंतर परवडलं तर काँप्युटर. फिन, रेग्युलेटर, बीसीडी भाड्याने. ७ किलोच्या केबिन सामानात ते बसत नाही. पाणी २७ ते ३० अंश, ३ मिलिमीटरचा सूट पुरतो, तोही तिथे मिळतो.

शेवटची डाइव्ह झाली की कान गोड्या पाण्याने धुऊन डोकं तिरकं करून कोरडे करा. पुढचे आठ दिवस दमट जंगलात जाणार आहात, ओल्या कानात बुरशी धरायला तेवढं पुरतं. कापूसकाडी घालू नका.

हिशेबनीस

मग असं बसवलं. शनिवारी तावाऊ-सेम्पोर्ना. रवि-सोम मबुल. मंगळवारी सिपादान. बुधवारी सकाळी लहाद दातू, दुपारी दानुमची गाडी. शुक्रवारी बाहेर, शुक्र-शनि सुकाउ. रविवारी सेपिलोक, दोन रात्री. मंगळवारी संदाकान-क्वालालंपूर. किनाबालू काटलं. बुधवारची गाडी चुकू नये एवढंच.

रानभूल

बसतंय. सेम्पोर्ना ते लहाद दातू अडीच तास धरा आणि सातच्या आत निघा. शेअर व्हॅन भरल्याशिवाय सुटत नाही, दोन सीटचे जास्तीचे पैसे देऊन सुटते. आणि सिपादानचा मंगळवार अजून ऑपरेटरने लेखी दिलेला नाही ना? तो आधी घ्या, विमानाची तिकिटं त्यानंतर. त्यांनी बुधवार दिला तर दानुम शुक्रवारवर जाईल, आणि मग तीन रात्री काढाव्या लागतील.

हिशेबनीस

तीन रात्री दानुम म्हणजे शिक्षा नव्हे! मेल टाकला आत्ताच.